अकरा टक्क्यांचं पान

९ जानेवारी

गणितीणबाई,

अक्षर ओळखलं असशीलच. दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. घटस्फोटाच्या कागदांवर सही करून तू गेलीस, त्यानंतर आपलं बोलणं नाही. तुझ्याशी माझं भांडण कधीच नव्हतं. पण मुलाचा संसार मोडल्यावर सुनेला काय लिहायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आज निमित्त मिळालं.

माझं काम तुला माहीत आहे. संग्रहालयाच्या कपाटातली जुनी वाळवलेली झाडं बाहेर काढायची, पानाचा नखाएवढा तुकडा कापायचा, त्यातून डीएनए काढायचा आणि पीसीआरच्या यंत्रात त्याच्या कोट्यवधी प्रती होतात का ते बघायचं. झाल्या तर जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ वडीवर, उजळ पट्टी दिसते. नाही झाल्या तर नुसता काळोख, आणि पान गेलं ते गेलंच. आता आमच्या साहेबांनी एक प्रोग्राम घ्यायचं ठरवलंय. म्हणे, पान कापायच्या आधीच मशीन सांगणार, पट्टी येणार की नाही. मी विचारलं, "मग मी काय करू?" म्हणाले, "तुम्ही मशीनला शिकवा." म्हणजे निवृत्तीला वर्ष उरलं असताना माझ्या पदरात विद्यार्थी टाकला, तोही न चहा पिणारा.

पण खरी गंमत पुढे आहे. मशीन तयार करणाऱ्या बाईंची सही कंपनीच्या कागदावर पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली. तूच की!

सोबतच्या डिस्कवर आमच्या सगळ्या पानांचे आणि पट्ट्यांचे फोटो आणि नोंदी आहेत. पत्र कागदावर लिहितेय, कारण फोनवर बोलले तर चिरंजीव ऐकतात आणि ऑफिसची मेल साहेब वाचतात. चिरंजीव सध्या माझ्याकडेच मुक्कामाला आहेत. जरा बारीक झालेत.

आई

२४ जानेवारी

आई,

पाकीट उघडलं तेव्हा आधी पत्र वाचलं, डिस्क दुसऱ्या दिवशी लावली. कंपनीच्या मालकांना उलटा क्रम सांगितला आहे.

मशीन शिकलं. इतकं छान शिकलं की मी घाबरले. कुठलंही पान दाखवा, म्हणतं, पट्टी येणार. शेवटी मी एका कोऱ्या कागदाचा फोटो दिला. म्हणालं, सत्त्याण्णव टक्के येणार. मग तुमच्या नोंदी नीट चाळल्या. त्यात न आलेली पट्टी एकही नाही. आई, इतकी वर्षं तुमचं एकही पान वाया गेलं नाही, यावर मी सून म्हणून विश्वास ठेवीन, पण मशीनचं त्यानं वाटोळं होतं. त्याला 'नाही' म्हणजे काय ते कधी दिसलंच नाही. फसलेले प्रयोग पाठवा. जितके असतील तितके हवेत.

तुमच्या चिरंजीवांबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. बारीक झाला असेल तर जेवणाच्या वेळा पाळायला सांगा.

तुमची गणितीण

६ फेब्रुवारी

गणितीणबाई,

फसलेले प्रयोग कुठून आणू? साहेबांचा नियमच आहे, काळं जेल अहवालात लावायचं नाही, वरच्यांना वाईट दिसतं. त्यामुळे फोटो पुसून टाकायचो. आमचं संग्रहालय कागदोपत्री कधी हरलेलंच नाही.

म्हणून मी शक्कल काढली. एकाच झाडाच्या ढीगभर फांद्या असलेले काही गठ्ठे आहेत, त्यातली पानं कापली तर कुणाचं नुकसान नाही. त्यांच्यावर मुद्दाम सगळ्या तऱ्हेचे प्रयोग करायचे आणि फसतील ते जपून ठेवायचे. तसा अर्ज केला. 'अपेक्षित निष्पत्ती' या रकान्यात प्रामाणिकपणे 'अपयश' लिहिलं. हिशेबनिसानं परत पाठवला. म्हणाला, "बाई, अपयशाला मंजुरी देता येत नाही. ते मंजुरीशिवाय करायचं असतं." मग साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, "नक्की फसतील ना? नाहीतर पैसे वाया जातील." मी म्हटलं, प्रयत्न करते.

आता घरातलं. चिरंजीव रोज जेवण झालं की बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतात आणि हळू आवाजात फोनवर बोलतात. परत येतात तेव्हा चेहरा असा उजळलेला असतो, की जेलवरची पट्टी काय! मी काही विचारत नाही. तुम्ही दोघं पुन्हा बोलायला लागला असाल तर मला सांगायची घाई करू नका. मी कपाटातल्या तुझ्या साड्यांना ऊन दाखवून ठेवलंय, एवढंच.

आई

१ मार्च

आई,

साड्या परत कपाटात ठेवा. बाल्कनीतल्या फोनवर मी नाही. त्याचा मला फोन आला होता, एकदाच, वेगळ्या कामासाठी. ते काम त्याचं त्यानं सांगावं असं मला वाटतं. कृपा करून याचा काही अर्थ काढू नका. तुम्ही अर्थ काढायला बसलात की रात्रभर झोपत नाही, हे मला आठवतं.

अपयशाचा अर्ज मंजूर झाला का? मालक रोज विचारतात. मशीन अजून कोऱ्या कागदावर खूश आहे.

तुमची गणितीण

२ एप्रिल

गणितीणबाई,

झाला एकदाचा मंजूर. आणि मग काय झालं सांगू? प्रयोग फसेनात! एरवी देव पाण्यात ठेवले तरी पट्टी येत नाही, आणि आता मुद्दाम सडकी, काळी पडलेली, बुरशी चढलेली पानं घेतली तरी जेलवर दिवाणखान्यातल्या झुंबरासारखा उजेड. पहिल्या आठवड्यात साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." नोकरीत पहिल्यांदा यशाबद्दल बोलणी खाल्ली.

मग हळूहळू जमलं. लांब तुकड्याच्या प्रती काढायला गेलं की जुनी पानं हात टेकतात; डीएनएचा चुराच झालेला असतो. ओल्या जागेवरून आणताना सडू नयेत म्हणून जी झाडं स्पिरिटमध्ये भिजवली होती, ती तर लहान तुकड्यालाही दाद देत नाहीत. सगळे काळे फोटो पाठवतेय. जपून हाताळ, सरकारी मंजुरीचं अपयश आहे.

माझी एक दाढ काढली. बाकी विशेष नाही. चिरंजीव ठीक आहेत.

आई

२० एप्रिल

आई,

मशीन आता शहाणं झालंय. त्याला न दाखवता बाजूला ठेवलेली पानं विचारली, तर दहातल्या नऊंचं बरोबर सांगतं. कोऱ्या कागदाला 'नाही' म्हणालं तेव्हा ऑफिसात पेढे वाटावे इतका आनंद झाला, पण कारण कुणाला सांगायची सोय नव्हती.

दाढ कुणाकडे काढलीत? जुने डॉक्टर तर गाव सोडून गेले ना? दुखतंय का? आणि तुमच्या पत्रात चिरंजीवांवर फक्त एकच ओळ आहे. नेहमी निदान पाच असतात. काही झालंय का?

तुमची गणितीण

११ मे

गणितीणबाई,

दाढ बरी आहे. तिचा विषय आज नको. आज मोठी अडचण आहे.

आमच्याकडे एका झुडपाचा, वाळकी फांदी चिकटवलेला, एकुलता एक कागद आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगरावरून आणलेलं, त्यानंतर कुणालाच दिसलं नाही. कागदावर एक फळ आणि दोनच पानं उरलीत. आता एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेला त्याच डोंगरावर तसंच झुडूप सापडलंय. डोंगरावर दगडाची खाण सुरू होणार आहे. झुडूप तेच असेल तर खाण थांबेल. म्हणून दोघांचा डीएनए जुळवून बघायचा आहे.

मी तुझ्या मशीनला विचारलं. म्हणालं, पट्टी येण्याची शक्यता अकरा टक्के. पान करपलेलं आहे, कडा तपकिरी, बहुतेक स्पिरिटातलं. मी साहेबांना लेखी दिलं की कापणार नाही. साहेब म्हणाले, "पेपरवाले विचारतायत. एक पान गेलं तर एक उरतंच." मी म्हटलं, "साहेब, हे मशीन तुम्हीच आणलंत ना, पानं वाचवायला?" म्हणाले, "नेहमीच्या पानांसाठी आणलं. हे खास आहे."

बघ काय वेळ आली. जानेवारीत मी तुझ्या मशीनची टर उडवत होते, आज त्याच्या मागे उभी राहून साहेबांशी भांडतेय. मशीन तुझं आहे म्हणून मला बळ आहे.

आई

१९ मे

आई,

तुमचं पत्र आज आलं. मला ते चार दिवस आधी मिळायला हवं होतं.

साहेबांनी कंपनीला विचारलं होतं: इतक्या जुन्या, करपलेल्या पानाबद्दल मशीनच्या अकरा टक्क्यांवर किती भरवसा ठेवावा? कशासाठी विचारताहेत ते लिहिलं नव्हतं. मी खरं उत्तर दिलं. मशीननं तशी पानं जेमतेम सहा-सात पाहिलीत, त्यामुळे या आकड्यावर फार विसंबू नये. ते पत्र माझ्या सहीनं गेलं.

आई, ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल असं मनातही आलं नाही. पण मनात आलं असतं तरी वेगळं काय लिहिलं असतं, ते मला माहीत नाही. कापलं का? लगेच कळवा.

तुमची गणितीण

३० जून

आई,

उत्तर नाही. दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. ऑफिसात केला तर म्हणाले, बाई कामात आहेत. इतक्या वर्षांत कामात असल्यामुळे तुम्ही कुणाशी बोलला नाहीत असं मी पाहिलेलं नाही. रागावला असाल तर रागाचं पत्र पाठवा. मी तेही वाचेन.

गणितीण

१४ जुलै

गणितीणबाई,

रागाचं पत्र तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी शेवटाकडे येईपर्यंत तुझंच बरोबर निघायचं, म्हणून फाडलं. तू खोटं लिहिलं असतंस तर पान वाचलं असतं. आणि तू खोटं लिहिणारी असतीस तर मी जानेवारीत तुला पत्रच लिहिलं नसतं. या दोन्ही गोष्टी पचायला मला दोन महिने लागले.

साहेब तुझं उत्तर छापून, खाली रेघा ओढून माझ्या टेबलावर घेऊन आले. "मशीनच म्हणतंय माझ्यावर विसंबू नका. मग तुम्ही का विसंबताय?" असं म्हणून त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली. फोटोग्राफर बोलावला होता. त्याच्या आधी पाहुण्यांबरोबर चहा आणि बटाट्याचे वेफर्स झाले. मग साहेबांनी स्वतः चिमटा हातात घेतला. मी हातमोजे पुढे केले, तर म्हणाले, "फोटोत हात रबरी दिसतो." पान बोटांनी धरून कापलं. मी शेजारी उभी होते. फोटोत माझा कोपर आलाय.

आणि पट्टी आली! अशी ठसठशीत, की काल तोडलेल्या पानाची यावी. टाळ्या झाल्या. मी मात्र जेलकडे पुन्हा वाकून पाहिलं. इतकं जुनं करपलेलं पान इतकं निरोगी कसं? साहेबांनी त्याच दुपारी जाहीर करून टाकलं की डीएनए मिळाला. पंधरा दिवसांनी बाहेरच्या प्रयोगशाळेतून डीएनएचं वाचन आलं. बटाटा. शंभर टक्के बटाटा.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे हे झुडूप बटाट्याच्या कुळातलं असू शकतं. संशोधनाला नवी दिशा मिळाली!" मी म्हटलं, "साहेब, नुसतं कुळ नाही, बटाटाच आहे, आणि बहुतेक मीठ लावलेला." त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी प्राध्यापिकाबाईंना सगळं लिहून कळवलं, खाली पदासकट सही केली. नोकरी गेली तर जाऊ दे, सहा महिन्यांची तर उरलीय.

त्या चौथ्या दिवशी आल्या. डोंगरावरच्या झुडपाची ताजी फांदी बरोबर होती. आमच्या कागदाशेजारी ठेवली आणि भिंगातून आम्ही दोघींनी सकाळपासून पाहिलं. देठावरची लव, फळाची चोच, शिरांची जाळी. सगळं तेच. दुसऱ्या पानाला हात लावायची गरजच पडली नाही. त्यांनी अहवाल दिला, खाणीचं काम तूर्त थांबलंय. एवढ्या डीएनएच्या गडबडीत झुडपाकडे नुसतं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

आता दाढ. तुझ्यापासून लपवत होते. चिरंजीवांनी मला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्ची मागे केली, तोंडात दोन आरसे, एक नळी, कापसाचे बोळे, आणि मग ती मुलगी लाजत म्हणाली, "आई, आम्ही लग्न करायचं ठरवलंय." मी काय बोलणार? "आँ" म्हटलं. तिनं ते होकारार्थी घेतलं. तुला कळलं तर वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही.

आई

२५ जुलै

आई,

मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. त्यानं तोच एक फोन केला होता. "आईला कसं सांगू? तू तिला ओळखतेस." त्याला माझी परवानगी नको होती, अंदाज हवा होता. मी म्हटलं, रागावेल आणि मग जेवायला वाढेल, सरळ सांग. दाढेची कल्पना माझी नाही. त्यानं शपथ घातली म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हणजे तुम्ही माझ्यापासून आणि मी तुमच्यापासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि तो मधे निवांत.

वाईट वाटलं का? थोडं. संध्याकाळपर्यंत. मग साड्यांना तुम्ही ऊन दाखवलं होतं ते आठवलं, आणि त्याचं जास्त वाईट वाटलं.

इकडचं ऐका. मशीनच्या तक्त्यात तुमचं पान 'चूक' म्हणून लागलंय. मशीन म्हणालं येणार नाही, पट्टी तर आली. पट्टी कुणाची, असा रकानाच नाही. मालक म्हणाले, ही ओळ काढून टाक, अचूकतेचा आकडा खाली येतो. मी म्हटलं, मग ज्या ओळींत मशीन नशिबानं बरोबर आलं त्याही शोधून काढू. ते म्हणाले, राहू दे. मी खाली बारीक अक्षरात 'बटाटा' असं लिहून ठेवलंय.

नोकरीचं काय झालं?

तुमची गणितीण

९ ऑगस्ट

गणितीणबाई,

नोकरी शाबूत आहे. प्राध्यापिकाबाईंनी माझं पत्र वर पाठवलं. वरच्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी सांगितलं की संस्थेची अंतर्गत दक्षता इतकी कडक आहे की चूक आम्हीच शोधली आणि आम्हीच कळवली. वरचे भारावले. सगळ्या संग्रहालयांसाठी शुद्धतेचे नियम ठरवायला समिती नेमली, साहेब तिचे अध्यक्ष. मला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यात माझं खातं 'फुलझाडे' असं छापलंय. आणि आता संस्थेत वेफर्सना बंदी. हातमोज्यांचा उल्लेख नाही.

चिरंजीवांचं लग्न पुढच्या महिन्यात, साधंच, सह्या करून. डॉक्टरीण गुणी आहे. हे तुला लिहायला जड गेलं, पण तुझ्याशी आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. मला त्रास एवढाच की तिच्यावर रागावायला जागा सापडत नाही. घरात पडद्यांची मापं घेऊन झाली. मला कुणी जा म्हणत नाही. पण पाणी प्यायला उठले तरी दोघं एकदम गप्प होतात, आणि मग मी तहान लागली तरी उठत नाही.

माझी रजा शिल्लक आहे. लग्न झालं की महिनाभर तुझ्याकडे येऊ का? अडचण असेल तर सरळ लिही.

आई

१७ ऑगस्ट

आई,

महिनाभर कशाला, रजा संपेपर्यंत या. खोली एकच आहे, पलंग तुमचा, मी खाली गादी टाकते. पाणी हवं तेव्हा उठा.

घरमालकीणबाईंना विचारल्याशिवाय पाहुणे चालत नाहीत, म्हणून आजच खाली जाऊन आले. म्हटलं, सासूबाई राहायला येतायत. त्यांचा चेहरा फुलला. "अगंबाई, मिटलं का सगळं? नवरा पण येतोय?"

म्हटलं, "नाही, तो तिकडे दुसरं लग्न करतोय."

त्या मोठ्या विचारात पडल्या. "मग ही सासू कुणाची?"

"माझी," म्हटलं.

तुमची गणितीण